विहीणबाईंचा डबा

अनयने चौथा चमचाही थुंकला. या वेळी नेम थेट आजीच्या चष्म्यावर बसला.

"राहू दे आई," सून मानसी उत्तराताईंना म्हणाली. "मम्मी, तू बघ गं जरा."

मम्मी म्हणजे मानसीच्या आई हेमलताबाई, भांडुपच्या. त्यांनी आपला स्टीलचा डबा उघडला, नातवाला मांडीवर घेतलं आणि "खा रे माझ्या झिला" असं लाडाने मालवणीत म्हणत चमचा पुढे केला. झिलाने तो मटकावला. दुसराही. डबा चाटूनपुसून साफ झाला. तीही नाचणीची लापशी आणि हीही नाचणीचीच लापशी. जळफळाट म्हणजे काय, हे उत्तराताईंना साठाव्या वर्षी, विलेपार्ल्यातल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कळलं.

आठ दिवस हेच चाललं होतं. मानसीची रजा सोमवारी संपणार होती आणि तिने सरळ सांगून टाकलं होतं, "जिच्या हातचं खाईल, तिच्याकडे राहील. मला ऑफिसात बसून टेन्शन नकोय." म्हणजे अनय सोमवार ते शुक्रवार भांडुपला. पार्ल्याच्या आजीला शनिवार-रविवार, तोही आईबाबांनी कुठे फिरायला नेलं नाही तर.

उत्तराताईंनी काय कमी केलं होतं? नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवली, मंद आचेवर भाजली, घरीच दळली. रोज सकाळी ते पीठ गार पाण्यात कालवून शिजवायचं, एक गुठळी होऊ द्यायची नाही. मग दूध, साजूक तूप, शेवटी गूळ आणि किसलेलं जायफळ. चाखून मात्र त्या कधीच बघत नसत. देवाचा नैवेद्य आणि बाळाचं खाणं, दोन्हीला आधी जीभ लावायची नाही, ही त्यांची शिस्त. वाटी झाकून गार व्हायला ठेवायच्या आणि पूजेला बसायच्या. पूजा संपेपर्यंत भांडुपचा डबा ओट्यावर हजर असायचा.

"काही नाही हो, आम्ही नारळाचं दूध घालतो, एवढंच," हेमलताबाई सांगायच्या. त्या 'एवढंच'ने उत्तराताईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्या पूजा आटपून ओट्याशी आल्या तेव्हा हेमलताबाई आतल्या खोलीत अनयला तयार करत होत्या. उत्तराताईंनी डब्यातली लापशी आपल्या वाटीत घेतली आणि वाटीतली डब्यात ओतली. बत्तीस वर्षं शाळेत कॉप्या पकडलेली बाई स्वतः कॉपी करत होती. पण नातू जाण्यापेक्षा हे बरं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

अनयने पहिला चमचा तोंडात घोळवला. गिळला. पुन्हा आ केला. बघता बघता वाटी संपली.

"झालं तर मग," मानसी म्हणाली. "सोमवारपासून इथेच राहू दे त्याला." आणि त्याचं तोंड धुवायला घेऊन गेली.

हेमलताबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. डब्याचं झाकण हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

उत्तराताई जिंकल्या होत्या, पण आनंद काही होईना. पोराने खाल्लं ते शेवटी भांडुपचंच. सोमवारी ते कुठून आणणार? असं आहे तरी काय त्यात, म्हणून त्यांनी वाटीच्या कडेची लापशी बोटाने पुसून जिभेवर ठेवली.

जायफळ. गूळ. साजूक तूप. नारळाच्या दुधाचा मागमूस नाही. ही त्यांची स्वतःची लापशी होती.

डब्यातून काढलेली लापशी आपली निघते, म्हणजे ती आधीच डब्यात गेलेली होती. त्या पूजेला बसल्या की हेमलताबाई वाटीतली डब्यात घेत आणि डब्यातली वाटीत ओतत. रोज. आठ दिवस अनय थुंकत होता ते भांडुपचं आणि चाटून खात होता ते पार्ल्याचं.

उत्तराताईंनी मानसीला हाक मारायला तोंड उघडलं. हेमलताबाईंनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"पयल्याच दिवशी, तुमी पूजेक बसलेलात तेवा चाखवली, तर माझी थुकल्यान," त्या म्हणाल्या. शरमेने त्यांची भाषा थेट गावाकडे गेली होती. "हे गेल्यापासून घर खावक उठता. म्हटलां, झील येतलो तर..."

हाक मारायची तर उत्तराताईंना आजची आपली करामतही सांगावी लागली असती. आणि रिकामं घर काय असतं, हे गेले आठ दिवस त्या मनातल्या मनात रोज बघत होत्या. त्यांनी वाटी मोरीत ठेवली.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "सोमवारी येताना डबा रिकामाच आणा. नाहीतरी तो तुम्ही इथेच भरता."