केतकीचा दिलासा

दुपारी उपग्रहाचं चित्र आलं आणि डॉ. रेडकरांचा हात थेट फोनकडे गेला. हिमनदीच्या पाण्यानं फुगलेल्या तलावाचा बांध खचत होता. त्याच तलावाखाली, नदीकाठच्या तंबूत त्यांची लेक केतकी नवऱ्याबरोबर सुट्टीसाठी उतरली होती.

"केतकी, बांध फुटतोय. सामान तिथंच टाका आणि डोंगर चढा. आत्ता."

पलीकडे ती हसली. "हो बाबा, भरपूर फोटो काढतो."

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. वीस वर्षं टीव्हीवर, व्याख्यानांत, अगदी जेवतानाही त्यांनी वितळत्या बर्फाचंच सांगितलं होतं. मग फोनमध्ये 'दिलासा' नावाचा फिल्टर आला. कुणाचंही भीतीदायक बोलणं, लिहिणं तो त्याच माणसाच्या आवाजात, भाषेत गोड करून पोचवायचा. अर्ध्या देशानं तो सगळ्यात आधी रेडकरांच्या नावापुढे सुरू केला. केतकीनंही.

"दिलासा बंद कर," ते ओरडले. "माझी शपथ आहे तुला."

केतकीनं फोन कानाशी घट्ट धरला. "बाबा, किती वर्षांनी माझ्याशी इतकं छान बोललास. पुन्हा म्हण ना, जरा मोठ्यानं. इथे पाण्याचा आवाज फार वाढलाय."