आग्नेसच्या झग्याचं माप
अंधेरीची सुलक्षणा शिवणकाम करायची. धर्म सोडला नाही म्हणून तेराव्या वर्षी जिचा गळा चिरला, त्या संत आग्नेसच्या लाकडी मूर्तीला दर जानेवारीत सणाचा झगा तीच शिवे. १९५४ साली तो चार बोटं आखूड पडला.

“पास्कूमामा, मूर्ती बदलली का हो?”

“नाही गं,” चर्चची झाडलोट करणारा म्हातारा म्हणाला. “माझ्या आज्याच्या वेळची तीच आहे.”

सुलक्षणाने पुन्हा टेप लावली. झगा दरवर्षीच्याच मापाचा होता; मूर्तीच चार बोटं उंच भरली. दुमड उसवून तिने झगा लांब केला आणि घर गाठलं.

तिची तेरा वर्षांची लेक दारातच उभी होती. दिवाळीला घोट्यापर्यंत शिवलेला तिचा परकर आता चार बोटं जमिनीवर लोळत होता.

“आई,” क्षमाने विचारलं, “माझा परकर तू लांब केलास का गं?”