कंपनीचे अडीचशे

"चहा घेऊ, कळवतो म्हनू, निघू," कोकिळाबाईंनी गाडीतच बजावलं. मुलगी श्रावणनं स्वतः पसंत केलेली, म्हणजे त्यांच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं होतं. सून पोरानंच शोधायची, तर आईनं काय नुसत्या अक्षता टाकायच्या?

श्रावण नवी बॅटरीची गाडी दामटत होता. एसी फुल, वर काचाही उघड्या. भर मे महिन्यात, पांढरकवड्यापासून बोरी अरबपर्यंत, कोकिळाबाई कानावर पदर ओढून बसल्या.

मुलीच्या वडिलांच्या, बबनरावांच्या दारात पोचले तेव्हा परतीपुरती बॅटरी उरली नव्हती.

"कंपनीनं अडीचशे किलोमीटर सांगतले ना रे? शंभरातच जीभ काढली हिनं!" कोकिळाबाई श्रावणवर कडाडल्या.

जिला पाहायला आले होते ती भैरवीच पोह्यांचा ट्रे ठेवून खिडकीतून वायर ओढायला धावली. "कंपनी खोटं नाही सांगत, मावशी. ते लोक गाडी कारखान्याच्या आतमंधी रोलरवर पळवून मोजतात. एसी बंद, वारा नाही, चढ नाही."

"म्हंजे पोहे घेऊन आलेली पोरगी पाहून संसाराचा अंदाज काढाचा, तसंच हे!"

"अन् पाहाले आलेली सासू पाहून?"

भैरवीची आई जागीच थिजली. कोकिळाबाईंनी हसू चहाच्या कपात बुडवलं.

गाडी भरायला संध्याकाळ होणार होती. दुपारी आतून पाटवडीच्या रश्श्याचा वास सुटला आणि सगळ्यांच्या नजरा कोकिळाबाईंकडे वळल्या. पहिल्या भेटीत पोह्यांच्या पुढं कोणी जात नाही. ताटावर बसलं की सोयरीक पक्की.

"या कंपनीचं वाटोळं होवो," म्हणत कोकिळाबाई उठल्या आणि पाटावर जाऊन बसल्या. रस्सा दोनदा मागून घेतला.

परतताना श्रावणनं एसी लावला नाही. काच बोटभरच खाली, गाडी बैलगाडीसारखी. पांढरकवड्याचे दिवे दिसले तरी बॅटरी मजेत शिल्लक होती. कोकिळाबाई त्या आकड्याकडे टक लावून पाहत होत्या.

"आई," श्रावण चाचरला, "जाताना मी मुद्दामच..."

"चूप! काचा उघडून एसी लावतो, अन् मले समजत नाही काय? जातानी वाटेत यवतमाळातच समजलं होतं." त्यांनी पदर सारखा केला. "तुह्या बापानं विचारलं, त कंपनीनं फसवलं म्हनजो. मले पोरगी आवडली असं कुठी बोलशील, त याद राख."