चालकाचे ठोके

“चालकाचे ठोके वाढले आहेत. श्वास घ्या... हळूहळू सोडा,” गाडी गोड आवाजात म्हणाली. आंबा घाटातलं आमचं दुसरंच वळण होतं.

“बघ! गाडीलासुद्धा कळलं, तू घाबरलीयस ते,” हे शेजारून म्हणाले. कोल्हापुराहून मोतीबिंदू काढून घेऊन परतत होतो. यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणून तर घाटात पहिल्यांदाच स्टिअरिंग माझ्या हाती आलं होतं. “अगं, ट्रक! ब्रेक! हॉर्न दे!”

“श्वास घ्या,” गाडी पुन्हा म्हणाली. मी मुकाट्याने घेतला. खरं तर मला मजा येत होती.

तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा मात्र मी हसू दाबत म्हटलं, “अहो, गाडी ठोके मोजते ते तुमच्या घड्याळावरून. आणि ते आत्ताही तुमच्याच मनगटावर आहे.”

यांनी मनगटाकडे पाहिलं. मग गाडी सांगेल तसा निमूटपणे श्वास घेऊ लागले.

साखरपा जवळ आलं तशी गाडी म्हणाली, “चालक आता शांत आहेत.”

शेजारी चालक घोरत होते. मी गाडीचा आवाज बंद केला आणि पुढचं वळण अगदी अलगद घेतलं.