पाणी किती खारा

आईच्या अस्थींचा कलश झाशीहून इथवर, तिच्या माहेरी कोकणात, निवेदितानं मांडीवरच आणला होता. होडीत समोर बाबा बसले होते. भरदुपारी खाडी निपचित पडली होती. तेरा दिवसांत दोघंही रडली नव्हती.

"त्या कड्याला हाक मारा, ताई. पडसाद येतो," नावाडी म्हणाला.

निवेदिता कशीबशी ओरडली, "माझा नाव निवेदिता!"

कड्याकडून आलं, "माझं नाव निवेदिता."

बाबांनी मान वर केली. लेकीचं हिंदी वळणाचं मराठी आई स्वयंपाकघरातून असंच सुधारायची, न चिडता.

"और बोल, बेटा," बाबा पुटपुटले.

"पाणी किती खारा आहे!"

"पाणी किती खारं आहे."

नावाड्याचं वल्हं हवेतच थांबलं. "असं नसतं हो, साहेब. दगड दिलं तेच परत देतो."

निवेदितानं कलश छातीशी धरला. तिला तो आता पाण्यात सोडायचा नव्हता.

"आई, घर चल ना!"

कडा गप्प राहिला. आवाज होडीच्या तळाखालून आला, अगदी मायेनं.

"घर नाही, बाळा. घरी. घरी ये."