सुधारलेला दादा

शलाकाने सलग चौथा डाव गमावला, तेव्हा मिरजेच्या गेम पार्लरचे बागवानचाचा खुशीत हसले. "काय गं, दादानं आज चांगलंच धुतलं की तुला!"

हर्षददादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. जिवंतपणी तो व्हिडिओ गेममध्ये खेळलेल्या हजारो लढतींवरून यंत्राने हुबेहूब त्याच्यासारखा खेळणारा प्रतिस्पर्धी बनवला होता. असे प्रतिस्पर्धी आता गावोगाव मिळत. काहीजण सरावाला येत, काहीजण नुसतेच भेटायला. शलाका पुण्याच्या स्पर्धेचं निमित्त सांगून रोज येई. पण ती या दोहोंपैकी कशासाठी येते, हे चाचांना पुरतं ठाऊक होतं.

दादाला एक खोड होती. जिंकत आला की पठ्ठ्या हल्ला सोडून जागच्या जागी दोन उड्या मारायचा आणि बहिणीला चिडवायचा. यंत्रातला दादाही तेच करायचा, आणि शलाका नेमकी तेव्हाच लाथ घालून डाव फिरवायची. आठ महिने तिने हेच केलं. आज मात्र दादा जिंकत आला आणि उडीबिडी न मारता त्याने तिला सरळ आडवं केलं.

"चाचा, हा उड्या का मारत नाहीये?"

"हरून हरून शिकला बिचारा! तूच शिकवलंस."

"मग जुना परत आणा ना."

"जुनं पुसून त्यावरच नवं लिहितं गं ते यंत्र. जुना कुठून आणू? पण बघ, आता याला कुणाचा बापही हरवू शकत नाही!"

शलाकाने हातातला कंट्रोलर हळूच खाली ठेवला.

"चाचा, माझ्या दादाला कुणीही हरवायचं."