नळीतला कोल्हा

जरा जवळ सरका बायांनो, जपानातल्या शिनानोच्या डोंगरातली गोष्ट सांगते. तोमेला दूध येईना, लेकरू सुकत चाललं. तेव्हा तिनं घरातली बांबूची नळी उघडून आतल्या इवल्या कोल्ह्याला तांबडा भात दिला, दूध मागितलं. हा कोल्हा मागाल ते देतो. पण शेजारच्या घरातून उचलून आणतो, हे ती मायेपोटी विसरली. सकाळी पान्हा फुटला. शेजारची कियो रडतं बाळ घेऊन दारात आली. “तोमे, माझं आटलं गं एकाएकी! तू मात्र दुभती गाय झालीस. पाज की माझ्याही वासराला!” तोमेला वाटलं, हिला खरं सांगून टाकावं, तर असा कोल्हा पाळणाऱ्यांच्या घरचं कुणी पाणीही पीत नाही, ही बाळाला परत नेईल आणि ते उपाशी राहील. तोमेनं त्याला छातीशी धरलं. कियोनं हात जोडले. बायांनो, देवापुढे बसाल तेव्हा त्या लेकराला आठवा, जे आपल्याच आईचं दूध परक्या मांडीवर प्यालं.